पाण्यातून आलेली सळई

१६ मे, गुरुवार

सोमेश्वरकाकांचा झारा पुन्हा मोडून आला! ते त्याला स्कूप म्हणतात. दिसतो बुंदीच्या झाऱ्याच्या थोरल्या भावासारखा – जाळीचा डबा आणि त्याला कमरेएवढा दांडा. काका परळीच्या थर्मलमधून फिटर म्हणून रिटायर झाले, गोव्यात मुलीकडे राहिले आणि किनाऱ्यावर धातू हुडकायचं मशीन फिरवायचा नाद लावून घेतला. आमच्या दिंद्रुडला समुद्र कुठला? म्हणून उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं हटलं की उघड्या पडलेल्या रेतीत हिंडतात. मशीन कुंई करतं, काका उकरतात. नाणी, जोडवी, घुंगरं – लोकांनी कधीतरी पाण्यात सोडलेलं.

धार झिजून पापडासारखी झालीय. दांड्याची खोबण तडकलीय. लोखंड लावू नको, गंजतं, असं बजावून गेले. जसं काही मी काल वेल्डिंगचं दुकान उघडलंय.

१७ मे

वहिनीचा भाऊ म्हाळू आला होता. सहा वर्षं झाली, जीवनदादा ट्रक घेऊन निजामाबादकडे गेला तो आलाच नाही. वहिनी एकोणतीस वर्षांची. एक स्थळ आलंय, माणूस चांगला आहे, पाठवता का, असं म्हाळूनं फार अदबीनं विचारलं. आई एवढंच म्हणाली, "माझा जीवन येणार हाय." विषय संपला.

रोज रात्री दादाच्या नावाची भाकरी झाकून ठेवते, सकाळी कुत्र्याला घालते. वाट बघणारं माणूस निदान रस्त्याकडे तरी बघतं. आई तेही करत नाही. नुसती ठाम.

वहिनी आत पीठ मळत होती. तिचे हात थांबले नाहीत. मला राग आला, कुणाचा ते कळेना.

१९ मे

काकांनी रेतीतून एक सळई आणली. "बघ बे हनुमान, देवानं माल धाडला." हातभर लांब, पोकळ, किंचित बाक. चुंबक लावून बघितलं, चिकटत नाही. अस्सल स्टेनलेस! खोबणीपासून डब्यापर्यंत तिरका आधार म्हणून अशी बसली की जणू मापानं केली होती. नवी धार लावली, दोन्हीकडे टाके मारले. काका खूश. खरं सांगायचं तर मीही.

फक्त एक. दोन्ही टोकांना आरपार भोकं आहेत. सळईला अशी भोकं कोण पाडतं?

२० मे

दिवसभर गेट जोडत होतो. डोळ्यांपुढे तीच भोकं.

२१ मे

काकांबरोबर झारा तपासायला काठावर गेलो. भर दुपार, वारा नाही, पाणी तव्यासारखं स्थिर. सळई कुठं सापडली ते विचारलं. त्यांनी पायानं जागा दाखवली. मी हेडफोन लावून मशीन फिरवलं. चारी बाजूंना टकटक, कुंई – आणि त्या जागी मशीन अगदी गप्प. हेडफोन काढून काकांना दिला तरी माझ्या कानात कुंई चालूच. काकांना ऐकू येत नव्हतं.

मग उन्हात सळईवर बारीक कोरलेले आकडे दिसले. १० आणि ३८०, खाली एक लांबलचक नंबर.

दादाचा मोटरसायकलवरून अपघात झाला तेव्हा मांडीत सळई घातली होती. डॉक्टरांनी फोटो दाखवला होता. पोकळ, किंचित बाक, टोकांना भोकं.

काकांना म्हणालो, टाका कच्चा राहिलाय, झारा माघारी नेतो. खोटं बोललो. माझा टाका कच्चा राहत नाही.

२२ मे

पेटीतली दादाची दवाखान्याची फाइल काढली. सळईचं स्टिकर चिकटवलेलं आहे. १०, ३८०, आणि तोच नंबर. मोठ्यानं वाचून तीनदा ताडून पाहिला.

टाके कापून सळई सोडवली. कापताना वाटत होतं, दादाला दुखतंय. वेड्यासारखं लिहितोय, पण वाटलं.

घासली, तर चिखलाखालून निळा-तपकिरी रंग निघाला. माझ्या टाक्याजवळ तो येतोच, पण हा सबंध लांबीवर आहे. पाण्यानं असा रंग येत नाही. आगीनं येतो, मी रोज बघतो. म्हणजे दादाला कुणीतरी रीतसर अग्नी दिला. तिसऱ्या दिवशी राख सावडली आणि सळईसकट पाण्यात सोडली. मारून फेकणारा माणूस राख सावडत बसत नाही. हे घरच्याचं काम.

अण्णांचं! दादा परतला नाही तेव्हा वडीलच आईला घेऊन त्याला शोधायला निजामाबादकडे गेले होते. आठ दिवसांनी हात हलवत आले. आईला तिथल्या मावशीकडे बसवून एकटेच फिरले असतील, येताना राख इथं धरणात सोडून एकट्यानंच सगळं उरकलं असेल. पोराचा मृत्यू पोटात ठेवून वर्षभरात स्वतःही गेले. अण्णा, मला तरी सांगायचं होतं!

आता आईला मी सांगायचं. तिला ते सोसणार नाही. नाही सांगितलं तर वहिनी आणखी दहा वर्षं पीठ मळत बसेल.

२३ मे

धीर झाला नाही. सळई फडक्यात गुंडाळून दुकानात ठेवलीय. शेजारी बसून काम होत नाही.

२४ मे

सकाळी फडकं आईपुढे सोडलं. ती दचकली नाही. सळई पदरानं पुसून मांडीवर आडवी घेतली.

"म्या माझ्या हातानं पाण्यात सोडलं होतं ह्याला," म्हणाली. "तू कावून माघारी आणलास?"

वहिनीला का नाही सांगितलं, विचारलं.

"ती निघून गेली असती रं. मग मला कोण हाय?"

वहिनी दारातच उभी होती. आत गेली आणि म्हाळूला फोन लावला.