आठव्या डावातली चूक

ओकफर्ड, मिनेसोटा
रविवार, २२ ऑगस्ट १९५४

प्रिय ऑर्विल,

देव तुला आणि बर्थाला सुखी ठेवो. इकडे सगळे बरे आहोत. काकड्या मुरवून झाल्या, तुमच्या दोन बरण्या बाजूला काढल्यात. चर्चच्या जुन्या पत्रकाच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहितेय. नवा कागद तुझ्यावर खर्च करावा असं आज वाटत नाही.

सकाळच्या पेपरात तू भरलेला कालच्या बेसबॉल सामन्याचा तक्ता पाहिला. ‘फटके : एक. चुका : शून्य.’ शून्य!

काल माझ्या डुएनने नऊच्या नऊ डाव चेंडू टाकले आणि समोरच्या एकालाही धड फटका मारता आला नाही. आठव्या डावात एकच गडी पहिल्या तळावर पोचला, तोही आपल्याच संघातल्या चेटच्या चुकीमुळे. घरंगळत आलेला चेंडू त्याच्या दोन पायांमधून गेला, खुराड्यातून कोंबडी निसटावी तसा. अख्ख्या मैदानाने पाहिलं. आणि तू, नेमलेला गुणलेखक, पोराचा सख्खा मामा, तो फटका म्हणून लिहून मोकळा झालास! चूक लिहिली असतीस, तर एकही फटका न देता जिंकलेला सामना पोराच्या नावावर लागला असता, आणि तसा आयुष्यात एखाद्यालाच साधतो.

का, तेही मला कळतं. तो खाटीक एल्मर उन्हाळाभर ओरडतोय, “मामाच्या हातात पेन्सिल, मग भाच्याला काय तोटा!” त्याचं तोंड बंद करायला तू पोराचं कर्तृत्व पुसलंस. आपल्या माणसाच्या बाजूने खोटं लिहिलं तर पाप, आणि विरुद्ध लिहिलं तर सचोटी? खोटी साक्ष देऊ नको, एवढंच त्या आज्ञेत आहे. कुणाच्या बाजूने, ते त्यात नाही.

तू म्हणशील, सामना जिंकलो, धावा तेवढ्याच. अरे, दुधाचा खर्च पावाच्या नावावर टाकला तरी महिन्याची बेरीज जुळतेच. पण असा हिशेब मी घरात ठेवत नाही.

चेट यंदाही माझ्याकडेच खोली घेऊन राहतो. दुपारी जेवताना त्याने बटाट्यांना हात लावला नाही.

“मावशी, तो माझाच चेंडू होता हो. झोपेतसुद्धा धरला असता.”

“गप जेव,” डुएन म्हणाला. “मामाने लिहिलं ते लिहिलं. तुला पुढच्या वर्षी संघात राहायचंय ना?”

“आणि तुला?”

डुएनने रश्श्याचं भांडं उचललं. डाव्या हाताने.

हे लिहायचं नव्हतं, त्याने बजावलं होतं. पण उजवा हात आज खांद्याच्या वर जात नाही. डॉक्टरांनी शुक्रवारीच सांगितलं होतं, तरी तो खेळला. कालचा त्याचा शेवटचा सामना, ऑर्विल. यापुढे तो धान्याच्या कोठारावर वजनकाट्याशी बसणार.

मी दया मागत नाही. खरा फटका असता, तर तो खोडू नकोस असं मीच सांगितलं असतं. लीगकडे जाणारा तुझा अहवाल उद्या सकाळच्या टपालाने निघेल. तोवर दुरुस्त करणं तुझ्या हातात आहे.

हे पत्र चेटच घेऊन येतोय. मी पाठवलं नाही, त्यानेच टोपी चढवली. त्याला दारात ताटकळत ठेवू नकोस. त्याच्या तोंडाकडे बघ आणि तो फटका होता, असं त्याला सांग.

सांगता आलं, तर बरण्यांसाठी बर्थाला पाठव. नाही आलं, तर अहवाल सुधार आणि स्वतः ये. डुएन घरीच आहे.

अजून तरी तुझी बहीण,
अल्मा