मागून हाक आली तर

३ ऑगस्ट

आज सकाळी कामावर रुजू होण्याआधी माझू देवीच्या देवळात गेलो. समुद्रावरच्या माणसांची ती आई, आणि माझी वाट आता समुद्रावरूनच आहे. तीन उदबत्त्या लावल्या, अंगारा लाल पुडीत बांधून घेतला आणि पुडी गळ्यात घातली. गावच्या शाळेत असताना परीक्षेच्या दिवशी आई अशीच पुडी माझ्या गळ्यात घालायची.

पेंगहूची बेटं आवडली. वारा, शेंगदाण्याची शेतं, पोवळ्याच्या दगडांचे बांध. विमान एवढंसं, एकोणीस माणसांचं. मोठ्या बेटावरच्या मागोंगहून उडायचं, धाकट्या बेटावर उतरायचं, माणसं घेऊन परत यायचं. आम्हा वैमानिकांच्या आणि प्रवाशांच्या मध्ये दारसुद्धा नाही. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या खांद्यावरून सुकी मासळी पुढे करतात. श्वे हा इथला जुना मिस्त्री. यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून त्यानं माझ्या खुर्चीमागे मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट ठेवलं. हिरवंच लागतं म्हणे, पिवळं ठेवलं की इंजिन रुसतं. माझ्या गळ्यातली पुडी बघून म्हणाला, देवीला सांगून झालं असेल तर कॅप्टन, आता जरा चाकंही बघा!

९ ऑगस्ट

उजव्या खुर्चीत यान असतो. तिशीचा, मोजकं बोलणारा. उड्डाणाआधी तो यादी वाचतो आणि मी एकेका गोष्टीवर बोट ठेवून उत्तर देतो. ‘फ्लॅप’ आलं की मात्र तो थांबतो आणि डोक्यावरच्या दांड्याकडे स्वतः बघतो. पंखांच्या त्या झडपा खाली केल्या नाहीत तर धाकट्या बेटाच्या आखूड पट्टीवरून विमान वेळेत वर उठत नाही, आणि पट्टी संपते तिथे समुद्रच आहे. मोठ्या विमानात विसरलं तर भोंगा वाजतो. आमच्या विमानात काहीच वाजत नाही.

आज चहा घेताना त्यानं कारण सांगितलं. माझ्याआधीचे कॅप्टन वंग तिथेच बुडाले. झडपा वरच राहिल्या होत्या. यान शेजारी होता, तो पोहून वाचला. त्या फेरीला विमान रिकामं होतं, तरी यादीच्या मध्येच वंग मागे वळून कुणाशी तरी बोलले. मग हसत पुढे वळले आणि म्हणाले, लावले. यानला वाटलं, बघूनच म्हणाले असतील. वडीलधाऱ्या कॅप्टनना पुन्हा कसं विचारायचं?

त्यानंतर त्याचा चहा तसाच निवला.

१४ ऑगस्ट

काल इथल्या चांद्र पंचांगाचा सातवा महिना लागला, मेलेली माणसं परत येतात तो. दारोदार टेबलं मांडून ‘भाऊमंडळीं’ना जेवण ठेवलं आहे, त्यांचं खरं नाव या महिन्यात कुणी घेत नाही. श्वेनं विमानाच्या चाकापुढेही ताट मांडलं आणि मला बजावलं, महिनाभर मागून कुणी हाक मारली तर वळायचं नाही. मी विचारलं, बायकोनं मारली तरी? तो म्हणाला, बायकोनं मारली तर एरवीही वळू नये. आम्ही पोट धरून हसलो.

दुपारी धाकट्या बेटावर यान ‘फ्लॅप’ म्हणाला, आणि माझ्या मागून कुणीतरी हाक मारली. आथो.

मी वळलो. पहिल्या रांगेत एक म्हातारी झोपली होती. आथो हे माझं घरचं नाव, आणि ते फक्त आई घ्यायची. तिला जाऊन बरीच वर्षं झाली. मी पुढे वळलो आणि म्हणालो, लावले.

यान माझ्याकडे बघत होता. दांडा वरच होता.

१७ ऑगस्ट

पुन्हा. त्याच जागी, त्याच शब्दावर. जेवायला बोलावताना असायचा तोच आईचा आवाज. मी परत वळलो. याननं दांडा ओढला.

वरिष्ठांना सांगावं तर कानात हाका येणाऱ्या माणसाला कोण उडू देईल? न सांगावं तर पाठीशी अठरा-एकोणीस जीव आहेत. देवळात अर्धचंद्री लाकडांची जोडी टाकून कौल लावला. विचारलं, ती आईच का? लाकडं तीनदा पालथी पडली.

नाही.

१९ ऑगस्ट

वळलो नाही. मान ताठ धरली. दांडा ओढला, बघितला, मग उत्तर दिलं. तेव्हा खांद्यावर हात पडला. गार.

यानला काही ऐकू आलं नाही म्हणे. पण तो माझ्या खांद्याकडे बघत राहिला. सदरा ओला होता.

हिरवं पाकीट फुटलेलं. खाऊ नाही. आत खारं पाणी.

२० ऑगस्ट

एक कळलं. ही वही लिहीत असलो की हाक येत नाही. आज हाक प्रवासी चढतानाच आली; चार ओळी लिहून पाहिल्या — शांत. उद्या यादीच्या वेळीही लिहीतच राहायचं. उत्तरं तोंडानं देता येतात. दांडा यान बघतोच. उद्याची एक फेरी, मग वरिष्ठांना सगळं सांगायचं, परवाना गेला तरी.

हे बरोबर नाही, कळतं. पण तो हात —

२१ ऑगस्ट, धाकटं बेट

ठरवलं तसं केलं. वही मांडीवर आहे, लिहितो आहे. पट्टीच्या टोकाला उभे आहोत. मागे अठरा माणसं, एक तान्हं. यादी चालू आहे. मी उत्तरं देतो आहे.

हाक नाही. देवीची कृपा —

‘फ्लॅप?’

लावले, म्हणालो. मान वर न करता.

हाक नाही. यानचा आवाज आज घोगरा, जसं पाणी —

यान मागे वळला आहे. पाठ माझ्याकडे. हसतो आहे कुणाशी तरी. केव्हापासून? मग यादी कोण वाच—

इंजिनं चढताहेत. यानचे हात खुर्चीच्या पाठीवर. माझे वहीवर. वर बघायला हवं, दांडा — हात थांबत नाही — एवढं वाक्य झालं की बघ