तुझ्या हाताखाली

प्रिय मास्तरीणबाई,

इतके दिवस दवाखान्यात फिरकले नाही म्हणून तू रागावली असशील. तुझी आई फोनवर म्हणाली, "दाराकडे डोळे लावून बसते गं ती." पण समोर आले असते तर माझ्या तोंडावरून तू ओळखलंच असतंस. आवाज गेला तरी खोदून विचारायची तुझी मास्तरकीची खोड काही गेलेली नाही. घशातली गाठ काढली आणि तू वाचलीस, याहून मोठी बातमी माझ्यापाशी नाही. बाकीच्या लहान आहेत आणि चांगल्या नाहीत.

तू रजेवर गेलीस तरी तुझ्या टीममधल्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांचे रोजचे रिपोर्ट तुझ्याच नावावर येत राहिले. कोण कोणाच्या हाताखाली, कोणाचा रिपोर्ट कोणाकडे जायचा, हे सॉफ्टवेअरमध्ये मांडायचं काम माझं. माणूस आला की जोडायचा, गेला की काढायचा. पडद्यावर ते उलट्या झाडासारखं दिसतं म्हणून तू मला 'झाडवाली' म्हणायला लागलीस आणि नव्या शिपायाने माझ्या हातात खरंच केरसुणी दिली, आठवतं? तू हसलीस ते खाली जिन्यापर्यंत ऐकू गेलं होतं.

तर रिपोर्ट न वाचता साचायला लागले, तेव्हा मी ते तात्पुरते साहेबांकडे वळवले. साहेब ते वाचत नाहीत, नुसते मंजूर करतात. कोणी 'ब्रेकचा आवाज येतो' असं लिहिलं की तू लगेच फोन लावायचीस, घासल्यासारखा की आपटल्यासारखा? आता तसं विचारणारं कोणी नाही. पण तू येईपर्यंतच निभवायचं आहे, अशी मी स्वतःची समजूत घालत होते.

मग साहेबांनी बोलावलं. म्हणाले, "तुझ्या मैत्रिणीचं वाईट वाटतं. पण काम सगळं फोनवरचं. आवाजच नाही तर टीम कशी सांभाळणार?" मी म्हटलं, लिहून सांभाळेल. ते म्हणाले, "लिफ्टमध्ये माणूस अडकला तर लिहीत बसणार का?" आणि तुझी माणसं दुसऱ्या टीममध्ये वाटून टाकायला सांगितलं. त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. तेच मला आतून खातंय.

तू ज्यांना काका म्हणतेस, त्यांना कुणकुण लागली. टीममधले सगळ्यात जुने मेकॅनिक ते, कधी ऑफिसात पाय टाकत नाहीत. तेलकट हात फडक्याला पुसत माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "पोरी, आमची नावं तिच्याकडेच राहू दे. ती बोलली नाही तरी आम्हाला कळतं." काय सांगणार होते मी त्यांना? माझ्या हातात माऊस आहे, निर्णय नाही.

शेवटी मीच एकेक नाव उचललं आणि दुसऱ्या टीमप्रमुखांकडे टाकलं. काही चष्मेवाल्याकडे, काही त्या लंबूकडे, ज्याला तू बोट धरून काम शिकवलंस. दर नावाला ते यंत्र विचारतं, 'नक्की?' काकांचं नाव मी मागे ठेवत गेले. तेही हललं आणि तुझ्या नावाखाली काही उरलं नाही. ग्यानबाची मेख पुढेच आहे. ज्या टीमखाली कोणी नसतं ती महिनाअखेर आपोआप बंद होते आणि तिचा प्रमुख शेजारच्या टीममध्ये साधा माणूस म्हणून जातो. म्हणजे तू लंबूच्या हाताखाली. तो बिचारा स्वतःच माझ्याकडे येऊन म्हणाला, "ताई, मी त्यांना काम कसं सांगू?"

काल मी साहेबांकडे गेले आणि म्हटलं, मला तिच्या टीममध्ये घाला, एक नाव असलं तरी टीम बंद होत नाही. त्यांना आधी थट्टाच वाटली. मग म्हणाले, "विभागाची प्रमुख आहेस तू. आपणहून खाली उतरतेस?" मी हो म्हटलं. "मग एक लक्षात ठेव. माणसं कमी करायची वेळ आली की दोघींची टीम आधी नजरेत येते." धमकी नव्हती गं ती. खरं तेच सांगत होते. आपल्याला काम मिळालंय जुन्या दुरुस्त्यांच्या नोंदी तपासायचं, तळमजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोलीत. फोन नाही. घरी ह्यांना सांगितलं तर घास हातातच राहिला. एवढंच म्हणाले, "विचारायचंस तरी." तुलाही विचारलेलं नाही. तेव्हा रागवायला तुम्ही दोघं आहात.

माझं नाव मीच हलवलं. ते माझं त्या खुर्चीतलं शेवटचं काम. सोमवारी तू कामावर येशील, कॉम्प्युटर उघडशील आणि कोणी काही सांगायच्या आत तुझी माणसं गेलेली तुला दिसतील. ते तुला त्या पडद्याकडून कळू नये, म्हणून हे पत्र. तुझ्या नावाखाली एकच नाव असेल, माझं. ते चुकून पडलेलं नाही. किती दिवस टिकेल ते मला ठाऊक नाही, आणि तुला आत्ताच घरी बसावंसं वाटलं तरी मी अडवणार नाही. पण आलीस, तर संध्याकाळी माझा पहिला रिपोर्ट तुझ्याकडे येईल. त्यात काय लिहायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.

तुझीच,
कालपर्यंत नुसती मैत्रीण