सोमवारी न मारलेल्या माश्या

१० सप्टेंबर १९९८, गुरुवार

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी सकाळी महादेवाला बेल वाहून प्रयोगशाळेत गेलो. नव्या माद्या कोशातून निघण्याआधी बाटलीतल्या जुन्या माश्या मारून टाकायच्या असतात, नाहीतर त्यांतले नर नव्या माद्यांशी जुळतात; पण त्या दिवशी मारायला हात उचलला नाही. संकरासाठी निवडलेल्या कोवळ्या माद्या त्या जुन्या नरांशी आधीच जुळलेल्या निघाल्या.

शेजारच्या पेशींकडून जगण्याचा निरोप आला नाही, तर माशीच्या डोळ्यातली जादा पेशी आपणहून मरते. तो निरोप तोडला, की नको तेवढ्या मरतात आणि डोळा खडबडीत होतो, हे मला दाखवायचं होतं. आता समोर खडबडीत डोळे आहेत, पण ती पिल्लं मी निवडलेल्या नराची, की बाटलीतल्या जुन्या नराची? सगळा प्रबंध त्या खडबडीत डोळ्यांवर...

बायको म्हणाली, "अवो, माशीच्या डोळ्यापायी जेवान सोडतायसा व्हय?"

पन्नाशीला पुन्हा उभारी कुठून आणू? देवाला तरी काय विचारू?

संध्याकाळी मार्गदर्शकांच्या घरी गेलो, सगळं सांगितलं आणि प्रबंध मागे घेतला.