बत्तीस नंबरचं घर आणि सातवं कलम

मी ऑगस्टस व्हीलॉक, वय ७१, थॉर्नली हाइट्स जमीन कंपनीचा निवृत्त कारकून, राहणार घर नंबर बत्तीस, थॉर्नली हाइट्स, बाल्टिमोरजवळ. पाय गेले, डोकं शाबूत आहे. कोणाच्याही दबावाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो.

१. आधी माझी नोकरी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. १८९३ साली इथे ट्रामचे रूळ होते, माणसं नव्हती. प्लॉट बघायला येणाऱ्यांना वस्ती गजबजलेली वाटावी म्हणून कंपनी आम्हा सहा जणांना टोप्या घालून दिवसभर ट्राममधून फिरवायची. मी पेपर वाचायचो, रोज तोच. लोक फसले, घरं झाली. आता त्याचं काय.

२. माझं लिहिण्याचं टेबल पुतण्या एडगरला. नऊ वर्षांत तो एकदाच आला, तोही चुकीच्या ट्राममध्ये बसल्यामुळे. जास्त मागू नये.

३. घर. पुढे मी खरेदीखतं लिहू लागलो. प्रत्येकात सातवं कलम: गोऱ्यांखेरीज इथे कोणी राहू नये, घरचे नोकर वगळून. तीनशेच्या वर खतांत ते माझ्याच अक्षरात आहे, या घराच्याही. डेला प्रुइट ही कृष्णवर्णीय बाई सतरा वर्षं हे घर सांभाळते, हल्ली मलाही. घर तिलाच द्यायचं, तर कलम आडवं. म्हणून इथे आधी लिहिलं होतं की घर एडगरचं, डेलाने तहहयात "नोकर" म्हणून राहावं. काल सूप घेऊन आली, तेव्हा तिने कागद वाचला.

"म्हणजे तुम्ही गेल्यावरही मी मोलकरीणच?"

"अगं, पळवाट आहे ती. राहता तर येईल!"

"कलम तुमचं, पळवाटही तुमचीच. मला विचारलंत कधी, साहेब?"

"मग काय करू?"

"विका. मला बहिणीच्या गल्लीत घर घ्यायचंय. आणि सूप प्या, गार होतंय."

मला फार लाज वाटली.

४. म्हणून तो मजकूर रद्द. घर विकावं, सगळे पैसे डेलाचे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारीही तीच. घर कंपनीच घेणार, चार वर्षं मागे लागली आहे. घेऊ दे. पण विकणारी म्हणून सही डेलाची, कंपनीच्या कचेरीत, पुढच्या दाराने येऊन, खुर्चीवर बसून. तिला उभं ठेवलं तर व्यवहार मोडला समजावं. त्या खतात सातवं कलम तिच्यासमोर कोणी लिहायचं, ते त्यांनी ठरवावं. मी लिहून लिहून थकलो.

सही: ऑगस्टस व्हीलॉक
साक्षीदार: हायरम टोलिव्हर, ट्रामचालक, लिओनोरा फिस्क, शेजारीण (नाक मुरडलं, पण सही केली)
थॉर्नली हाइट्स, ११ मार्च १९११