आधी हात, मग पाय

शनिवार, ८ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझा रोटाव्हेटर काल दुपारी टेम्पोतून उतरला. लालभडक रंग, खाली वाकड्या पात्यांची रांग. बाबांनी ओसरीवरूनच पाहिला आणि हा मिक्सर कुणाच्या लग्नातला आहेर आहे, असं विचारलं. तू पाठवला आहेस म्हटल्यावर, तरीच, एवढंच म्हणाले आणि पेपर वाचायला लागले. पेपर उलटा नव्हता, पण पानही उलटलं नाही.

पाठवण्याआधी फोनवर का नाही विचारलंस, असं मी म्हणणार नाही. फोनवर आपण दोघं पाच मिनिटांत एकमेकांची अक्कल काढतो आणि महिनाभर अबोला धरतो. म्हणून तर आईने नियम घालून दिला होता, गोड बोलायचं तर फोन, भांडायचं तर पत्र. ती गेल्यापासून फोन कोपऱ्यात धूळ खातोय, यावरून काय ते समज.

मला एक सांग. आपला ट्रॅक्टर आला तेव्हा तू पाळण्यात होतास. तुझे केस गेले, त्याचा रंग गेला. अशा म्हाताऱ्याच्या मागे हे नवं धूड बांधायचं, हे तुला कुणी सुचवलं? की ट्रॅक्टर झेपणार नाही, बंद पडेल आणि मग विकून टाका म्हणायला तू मोकळा, असा बेत आहे? तसं असेल तर ऐकून ठेव. ज्या दिवशी ट्रॅक्टरवरून उतरेन त्या दिवशी खाटेवर चढेन, असं बाबांनी डॉक्टरांसमोर सांगितलंय. डॉक्टर हसले. मी हसले नाही, कारण सकाळी त्यांचा हात धरून मी त्यांना खुर्चीतून उठवते आणि तेच बाबा अर्ध्या तासाने ट्रॅक्टरवर टांग टाकून बसतात, हे मी रोज बघते.

बाकी शेजारच्या मास्तरांचा कोबी छान आलाय. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली आणि आता टेप लावून कोबी लावतात. दोन्ही टोकांना ट्रॅक्टर वळवायला आठ फूट जमीन मोकळी सोडतात. बाबा तिला आळसाची पट्टी म्हणतात आणि मास्तरांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणतात.

लोभ असावा, राग आहेच.

तुझी ताई


गुरुवार, १३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

वि. वि. तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, आरोपपत्रच. उपकार केले की असे अंगावर येतात, हे मी विसरलो होतो.

बाबा आधी नांगरतात, मग ढेकळं फोडतात, मग पुन्हा फळी फिरवतात. एका वाफ्यासाठी तीनदा त्या खडखडाटावर बसायचं आणि रात्री तू त्यांच्या पाठीला तेल चोळायचंस. रोटाव्हेटर हे एका फेरीत करतो. एवढा साधा हिशेब तुम्हाला दोघांना कळत नसेल तर नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

आणि हो, लपवत नाही. तो ट्रॅक्टर म्हणजे चाकं लावलेलं भंगार आहे. झेपलं नाही तर विकायचा. बाबांनी आता सावलीत बसून दुसऱ्यांना नावं ठेवावीत. ते काम त्यांना उत्तम जमतं.

विकणारा दुकानदार म्हणजे चालू माणूस. ट्रॅक्टर जुना आहे कळल्याबरोबर कसलंसं कपलिंग माझ्या गळ्यात मारायला लागला. एकाच दिशेने जोर जाऊ देणारं, म्हणे. जुन्याला ते लागतंच, म्हणे. मी काय दूधखुळा आहे? शेतकऱ्याच्या घरात जन्मलोय, असं सुनावून बाहेर पडलो.

पहिल्या फेरीचं कळव. आणि बाबांची बाजू घेणं थोडं कमी कर, तब्येतीला बरं.

तुझा,
उपकारकर्ता


सोमवार, २४ फेब्रुवारी

उपकारकर्त्यास,
आशीर्वाद या वेळी राखून ठेवले आहेत.

पहिल्या फेरीचं कळव म्हणालास, कळवते.

काल सकाळी बाबांनी रोटाव्हेटर जोडला. मिक्सरला मिक्सरची जागा दाखवायची, एवढाच हेतू. फेरी सुरू झाली आणि माझ्या मनात आलं, चला, धाकट्याला आयुष्यात एकदा अक्कल सुचली. मागे माती रव्यासारखी पडत होती. बाबांनी मागे वळून पाहिलं आणि चेहरा मुद्दाम आंबट केला, म्हणजे त्यांनाही पसंत होतं.

मग टोक आलं. बाबांची पद्धत तुला माहीत आहे. चाळीस वर्षं नांगर धरून ते कुंपणापर्यंत जातात, पुढची चाकं वीतभर राहिली की क्लच दाबतात. नांगर जमिनीत रुतलेला असतो, ट्रॅक्टर जागच्या जागी उभा. एक पाऊलभर जमीन वाया जाऊ द्यायची नाही, हा त्यांचा धर्म. कालही वीतभरावर क्लच दाबला. पण या वेळी मागे नांगर नव्हता, जोरात फिरणारी जड पाती होती. आपल्या जुन्या ट्रॅक्टरात क्लच दाबला की इंजिन सुटतं, पात्यांचं चाकांशी नातं मात्र सुटत नाही. त्या पात्यांनी आपल्या वेगानेच ट्रॅक्टर पुढे ढकलला. बाबांनी उचलायचा दांडा ओढला, तर क्लच दाबलेला असताना रोटाव्हेटर वरही येईना. आणि ब्रेक म्हणजे तुझ्या माफीसारखे, उशिरा लागणारे.

बाबा कुंपण मोडून सरळ मास्तरांच्या शेतात. मोकळी पट्टी ओलांडून कोबीच्या पहिल्या ओळीत जाऊन थांबले. मास्तर तिथेच पाणी देत उभे होते. मी धावत गेले, पायात चप्पल एकच. बाबा ताठ बसले होते, दोन्ही हात स्टीअरिंगवर, जणू ठरवूनच आले होते. मास्तरांनी चाकाखालून एक गड्डा काढला, झटकला आणि बाबांच्या हातात दिला. म्हणाले, एवढ्यासाठी ट्रॅक्टर कशाला आणलात, हाक मारली असती तरी दिला असता.

बाबांनी आजवर इतका अपमान कुणाकडून ऐकून घेतला नसेल. कोबी घेऊन आले आणि तो मी शिजवायचा नाही, असं बजावलं.

मास्तरांनी मला नंतर कुंपणाशी थांबवून सांगितलं, की जुन्या ट्रॅक्टरला एकाच दिशेने जोर जाऊ देणारं कपलिंग लावलं तर पाती चाकांना ढकलू शकत नाहीत. ऐकलंस? तुझ्या चालू दुकानदाराचंच कपलिंग. आपल्या घराला रोगच आहे, ज्याच्याकडे तोंड वाकडं करावं तोच खरं सांगत असतो.

आता नीट वाच. काल ट्रॅक्टर या टोकाला होता. दुसऱ्या टोकाला कुंपण नाही, ओढ्याची दरड आहे. तिथेही बाबा वीतभरावरच थांबतात. पुढच्या सोमवारी उरलेलं शेत काढणार म्हणालेत. मी काही बोलले तर, तुला रोटाव्हेटरमधलं काय कळतं, असं विचारतात. त्यांना काय कळतं ते मी काल पाहिलं, पण हे त्यांच्या तोंडावर म्हणायला माझी जीभ उचलत नाही.

ताई


बुधवार, २६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

हे पत्र माणसाबरोबर पाठवतोय, सोबत कपलिंग. दुकानदाराकडे पुन्हा गेलो. तो काही बोलला नाही, नुसतं कपलिंग पुसून समोर ठेवलं. बोलला असता तर बरं झालं असतं.

ट्रॅक्टरची किल्ली काढून घे. पिठाच्या डब्यात टाक, ओढ्यात टाक, काय करायचं ते कर. बाबांना त्या दरडीकडे जाऊ द्यायचं नाही. ट्रॅक्टरला गिऱ्हाईक मी बघतो. खाटेवर चढले तर चढू देत, मी येऊन उशाशी बसेन. ओढ्यात शोधायला मात्र मी येणार नाही.

तू म्हणालीस तो बेत खरा होता. बंद पडेल, असंच मला वाटलं होतं. तो बंद पडण्याऐवजी थांबेनासा होईल, हे सुचलं नाही.

हे बाबांना वाचून दाखवू नकोस.

तुझा धाकटा


रविवार, २ मार्च

चि. बाळास,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दाखवायचं नव्हतं म्हणून तुझ्या बहिणीने ते माझ्या चष्म्याखाली ठेवलं. दोघांची अक्कल सारखीच.

तुझं कपलिंग मी बसवलेलं नाही. मास्तरने बसवलं. मी फक्त उभा होतो आणि पाना देत होतो. त्याचा हात चित्रं काढण्याचा, पण बरा आहे. त्याला तसं सांगू नये.

किल्ली पिठाच्या डब्यात सापडली. चांगली जागा नाही. गिऱ्हाईक आणशील तर त्याच्यासकट तुला बांधावरून परत पाठवीन. माझ्या ट्रॅक्टरला भंगार म्हणणाऱ्याने आधी स्वतःला धक्का न मारता सुरू करून दाखवावं.

उद्या उरलेलं शेत काढणार. उशाशी बसायची एवढी हौस असेल तर खाट अंगणात टाकून देतो, त्यावर तू झोप.

प्रकृतीस जप. सूनबाईंना विचारल्याचं सांग.

बाबा


बुधवार, ५ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. राखून ठेवलेलेही यातच धर.

किल्ली डब्यातून निघाल्यापासून मी घाबरून होते. पण रविवारी जेवताना एक पाहिलं. बाबा घास घेत होते आणि मध्येच त्यांचा उजवा हात ताटाबाहेर जाऊन हवेत काहीतरी ओढत होता. मग डावा पाय टेबलाखाली खाली जात होता. पुन्हा हात, पुन्हा पाय. एकदा पाय आधी गेला तेव्हा ते स्वतःवरच इतके चिडले की पाण्याचा पेला सांडला. मला म्हणाले, पेला ठेवायची ही जागा आहे का.

आधी दांडा ओढून पाती जमिनीतून वर घ्यायची, मगच क्लच. आधी हात, मग पाय. चाळीस वर्षं पाय आधी जात आला होता. आपल्या हट्टी बापाने आठवडाभर आमटी निवत ठेवून हे उलटं घोकलं आणि मी समजत होते, त्यांना जेवण आवडत नाहीये.

सोमवारी मी ओढ्याच्या टोकाला जाऊन उभी राहिले. मला पाहून त्यांनी बाजूला हो म्हणून हात झटकला. मी हलले नाही. ट्रॅक्टर येत राहिला. दरड अजून चांगली लांब होती आणि मला दिसलं, उजवा हात गेला, पाती वर आली, मग गुडघा खाली. ट्रॅक्टर थांबला. मी जमिनीवर बसलेच. बाबा म्हणाले, शेतात बसायला आलीस की कामाला?

दोन्ही टोकांना पट्टी सुटली आहे. मास्तरांचा टेप मागून घेऊन मोजली. मास्तरांची आठ फूट, आपली नऊ. का, असं विचारलं तर म्हणाले, त्याच्यापेक्षा कमी कशाला. पण मला माहीत आहे, वरचा एक फूट तुझ्या पत्राचा आहे.

काल संध्याकाळी हात धरून मी त्यांना बांधापर्यंत नेलं. पडीक पट्टीकडे बराच वेळ नाक मुरडून बघत राहिले. कुणा आळशाचं शेत आहे हे, म्हणाले. मग माझा हात सोडला आणि पट्टीवरच्या गवतात, पाय ओढ्याकडे करून, आरामात बसले.

कळावे. येशील तेव्हा चारचौघांत तुझ्या मिक्सरची निंदा ऐकायची तयारी ठेव. लोभ आहे, तो फोनवरही असावा.

तुझी ताई