उन्हाळी मेळाव्यातली माझी नक्कल

प्रिय चिमणे,

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. उन्हाळी मेळावा तीन आठवड्यांवर आलाय, यंदा कर्मचाऱ्यांनी आजी-आजोबांसमोर काय करावं ते सुचत नाहीये, ताई, काहीतरी सांगा, असं तू लिहिलंयस. फोनवर विचारलं असतंस तर दोन मिनिटांत सुटली असतीस. पत्र लिहिलंस, आता माझी बडबड सोसणं आलं. आपल्या वृद्धनिवासात मी एकवीस वर्षं मुख्य परिचारिका होते आणि त्यातले अठरा मेळावे माझ्या डोक्यावर होते. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी ऊन तापायला लागलं की बागेत मांडव कुठल्या झाडापासून कुठल्या झाडापर्यंत बांधायचा याचा विचार मनात सुरू होतोच.

पहिली गोष्ट, बाहेरचं कुणी बोलावू नकोस. मी एकदा ती चूक केली. चांगला गाणारा आणला, सगळं साग्रसंगीत. अर्ध्या तासात पहिली रांग पेंगायला लागली. आणि आपले पोस्टमास्तर आजोबा, ज्यांना कमी ऐकू यायचं आणि म्हणून जे फार मोठ्यानं बोलायचे, त्यांनी गाणं ऐन रंगात असताना शेजारच्या आजींना विचारलं, "हा माणूस चहाच्या आधी थांबेल ना?" गाणारा बिचारा हसला, पण त्याचा चेहरा उतरलेला सगळ्यांनी पाहिला. त्या दिवशी मला कळलं, आपल्या माणसांना कलाकार नको असतात, आपण हवे असतो. वर्षभर आपण त्यांना उठवतो, बसवतो, आ करा म्हणतो, गोळी गिळली का ते जीभ वर करायला लावून बघतो. वर्षातून एक दिवस आपली फजिती बघायचा त्यांना हक्क आहे.

तुझ्या पहिल्या वर्षीची उलटी ड्यूटी आठवते का? आजी-आजोबांनी ॲप्रन घातले आणि आपण तासभर चाकांच्या खुर्च्यांत बसलो, एवढ्या उन्हाळ्यात गुडघ्यांवर पांघरुणं घेऊन. गणिताच्या बाई, वय वर्षं एक्क्याऐंशी, डॉक्टरांना सूप भरवायला बसल्या. "हा चमचा तुमच्या लेकीच्या नावाचा," म्हणत त्यांनी अख्खा वाडगा संपवायला लावला आणि मांडव हसून हसून लोळला. पण सूप गार येतं, हे डॉक्टरांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघरातून वाडगे झाकून यायला लागले. तू मात्र संध्याकाळी कपडे बदलायच्या खोलीत बसून रडत होतीस. मी विचारलं तर म्हणालीस, "ताई, दोघी आज्या माझ्या डोक्यावरून एकमेकींशी बोलत होत्या. हिनं खाल्लं का, हिची आंघोळ झाली का. मी तिथेच बसलेय आणि मला कुणी विचारतच नाही." मी तुला जवळ घेतलं नाही. मला वाटलं, रडू दे, ही पोरगी टिकणार.

आणि धोबीखात्याच्या बायकांनी काढलेली ती मिरवणूक. धुलाईत हरवलेले, कुणाचे ते न कळलेले कपडे त्यांनी वर्षभर एका कपाटात कोंबून ठेवले होते. मेळाव्यात तेच अंगावर चढवून त्या ठुमकत आल्या, आणि पहिल्या रांगेतून एकेक हात वर व्हायला लागला. हा स्वेटर माझा, ती शाल माझ्या सुनेनं दिलेली. त्यांच्यात सामील झालेल्या माळीबुवांच्या डोक्यावरची टोपी तर दोघा आजोबांनी एकदम ओळखली आणि त्यावरून त्यांचा चार दिवस अबोला होता. यंदा पुन्हा कर. कपाट नक्कीच भरलं असेल.

आता तू यायच्या चार वर्षं आधीची गोष्ट सांगते. तू मला किती वेळा विचारलंस, ताई, तुमचं आणि भाऊजींचं जमलं कसं, आणि मी दर वेळी काम काढून उठले. तेव्हा मी एकोणचाळीस वर्षांची होते. घरच्या जबाबदाऱ्यांत लग्न राहून गेलं होतं आणि त्याचं वाईट वाटायचंही राहून गेलं होतं. तुझे भाऊजी त्याच्या दोन वर्षं आधी आपल्याकडे ड्रायव्हर म्हणून आलेले. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. आजी-आजोबांना तपासणीला न्यायचं, परत आणायचं, बाकी वेळ गाडी पुसायची. बोलणं इतकं कमी की पहिले दोन महिने स्वयंपाकीणबाईंना ते मुके वाटायचे.

त्या वर्षी मी नकलांचा कार्यक्रम ठरवला होता, कर्मचाऱ्यांनी एकमेकांच्या करायच्या. स्वयंपाकीणबाई डॉक्टर झाल्या, डॉक्टर माळी झाले. सगळं संपलं असं वाटलं तेवढ्यात यादीत नसलेलं कुणीतरी आलं. माझाच जादाचा पांढरा कोट, दोरीनं गळ्यात अडकवलेला चष्मा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि आत तुझे भाऊजी. ते मांडवाच्या दारात नुसते थांबले आणि खाकरले, तर मांडवात हशा पिकला. मला मागून हेडमास्तरीण म्हणतात हे त्या दिवशी मला समजलं. समोरचा बोलत असताना मी घड्याळ कशी बघते, नाही म्हणायचं असलं की "बघू" कशी म्हणते, सगळं त्यांनी करून दाखवलं. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. कान तापले होते, आणि हसतेय असं दाखवताना गाल दुखत होते.

मग त्यांनी एक खुर्ची ओढली. ती खाट. दुपारच्या झोपेची वेळ, मुख्य परिचारिका फेरीला निघालीय. खाटेपासून चार पावलांवर ते थांबले आणि किल्ल्या वाजू नयेत म्हणून जुडगा मुठीत घट्ट धरला. चवड्यांवर चालत जवळ गेले. नुसते उभे राहिले, झोपलेल्या माणसाची छाती वरखाली होतेय ना ते बघत. मग पायांवरचं पांघरूण नीट केलं, आणि उलट्या हातानं पावलांना हळूच स्पर्श केला, गार पडलीत का ते बघायला. मग इकडेतिकडे पाहिलं, कुणी बघितलं तर नाही ना. चेहरा पुन्हा कडक केला, मूठ सोडली आणि किल्ल्या वाजवत निघून गेले.

हसणं केव्हाच थांबलं होतं. चिमणे, मला वाटायचं हे जगात कुणालाच माहीत नाही. तेवढ्यात पोस्टमास्तर आजोबांचा तो मोठा आवाज आला, "अगदी बरोबर आहे. माझ्याकडे रोज येते. मी जागाच असतो."

मी आठ दिवस तुझ्या भाऊजींशी बोलले नाही. राग होता की लाज, ते मला अजून सांगता येणार नाही. नवव्या दिवशी गणिताच्या बाईंना डोळ्यांच्या तपासणीला न्यायचं होतं. बाई मागे बसल्या बसल्या झोपल्या. मी पुढच्या काचेतून बघत विचारलं, "कधीपासून बघत होतात?" ते म्हणाले, "दीड वर्ष." मी विचारलं, "कशाला?" त्यांनी एक वळण घेतलं. "दुपारी गाडीला काम नसतं," ते म्हणाले. आणि मग, रस्त्यावरची नजर न हलवता, "बघावंसं वाटायचं." मागून बाई म्हणाल्या, "अहो, मग विचारा की तिला पटकन. दवाखाना आला." थंडीत आमचं लग्न झालं. साक्षीदार म्हणून सही करायला बाईच आल्या होत्या, नवा चष्मा लावून.

आता जे तुला फोनवर कधी सांगितलं नाही ते. भाऊजी जरा अशक्त झालेत, असं मी तुला वर्षभर सांगत आले. ते खरं नाही. चौदा महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समजतं सगळं. दवाखान्यातून घरी आणताना मला कुणाचीच मदत नको होती. आयुष्यभर हेच केलं, माझ्याहून चांगलं कोण करणार, ही माझी घमेंड. तू दोनदा यायचं म्हणालीस आणि दोन्ही वेळा मी पाहुण्यांचं निमित्त सांगितलं. तू आली असतीस तर घर बघून दोन मिनिटांत सगळं ओळखलं असतंस.

गेल्या महिन्यात एका सकाळी न्हाणीघरात ते माझ्या हातून निसटले. मी खाली, ते वर, आणि माझी कंबर अशी धरली की मला उठता येईना. फोन बाहेरच्या खोलीत. शेजारच्या वहिनी डबा परत द्यायला आल्या तोवर तीन तास आम्ही ओल्या फरशीवर पडून होतो. आधी ते रडले. मग काय मनात आलं कोण जाणे, मी त्यांना त्या टोपीवरून भांडणाऱ्या दोन आजोबांची गोष्ट सांगितली, आणि ते हसायला लागले. त्यांना आता अर्ध्याच तोंडानं हसता येतं. मग मीही हसले. वहिनींना दाराबाहेर वाटलं, या घरात काहीतरी भलतंच झालंय.

त्या दुपारी त्यांनी खुणेनं पाटी मागितली आणि डाव्या हातानं, वेडंवाकडं, लिहिलं, "तिकडे जातो." तिकडे म्हणजे आपल्या वृद्धनिवासात. मी पाटी पुसून टाकली. त्यांनी पुन्हा लिहिलं. आपल्या कचेरीत माझ्यासमोर किती मुली, किती सुना, किती नवरे बसून रडले असतील. प्रत्येकाला मी सांगितलं, यात तुमचा काही पराभव नाही. किती सोपं होतं ते सांगणं. स्वतःला सांगायला मला तीन आठवडे लागले.

व्यवस्थापकांशी बोलणं झालंय. तळमजल्यावरची बागेकडची खोली सोमवारी रिकामी होतेय. ते तुला सांगणार होते, मीच म्हटलं, मी कळवते. त्यांनी प्रवेशाचा अर्ज पाठवलाय, तोच, जो मी स्वतः बसून तयार केला होता. वय, आजार, औषधं, सगळं भरून झालं. शेवटी एक रकाना आहे, "रहिवाशाविषयी आणखी काही." त्याच्यापुढे मी दोनच ओळींची जागा ठेवली होती. लोक लिहायचे, स्वभाव शांत, चहाला साखर कमी, आणि मी मान हलवून पुढचा कागद घ्यायचे. तीन दिवस मी त्या रकान्यापुढे पेन घेऊन बसलेय. "शांत" लिहिलं आणि खोडलं. चिमणे, ते आता स्वतःविषयी काही सांगू शकत नाहीत. तिथल्या नव्या मुलींना एक न बोलणारा म्हातारा दिसेल, दर दोन तासांनी कुशीवर वळवायचा. तो कोण आहे हे त्यांना कळायला हवं. तुझ्या मेळाव्याचं तुला कसंही सुचलं असतं. हे पत्र अर्जाच्या मागे टाच, आणि त्यांना हात लावणाऱ्या प्रत्येकीला आधी वाचायला लाव. त्या दोन ओळींत मी एवढंच लिहिलंय, सोबत पत्र जोडलं आहे.

तुझीच,
ताई